बिनशेऱ्याची पावती

शेराबाबूंना निर्दोष असं काही दिसतच नसे. नंदुरबार स्टेशनात ते मालबाबू आणि मी तारबाबू. शेजारीशेजारी बसून आम्ही ऐन उमेदीची वर्षं घालवली, पण त्यांनी एखादी गोष्ट नाक न मुरडता पदरात घेतल्याचं मला आठवत नाही. चहा आला की ‘पाणचट’, धोतर धुऊन आलं की ‘काठाला पिवळं’.

त्यात नोकरीचाही दोष होता. व्यापाऱ्याचा माल रेल्वेनं बिनशेऱ्याचा घेतला, की वाटेत होणारं नुकसान रेल्वेच्या माथी. पण पावतीवर ‘बारदान जुने’ असा शेरा पडला, की पोती फाटोत नाहीतर भिजोत, जोखीम धन्याची. म्हणून बाबू प्रत्येक पोत्याभोवती प्रदक्षिणा घालत. “आधी शेरा, मग स्वीकार,” म्हणत. व्यापारी समोर पान देत आणि पाठीमागं शिव्या.

कोकणातून त्यांची बहीण स्थळं कळवी. बाबू त्यांवरही शेरे मारून धाडत. एक ‘उंची बेताची’, दुसरी ‘फार बोलकी’. शेवटी बहीण कंटाळली. मी एकदा थट्टेनं विचारलं, “बाबू, तुमच्यावर काय शेरा मारावा?”

“न सोडवलेला माल,” म्हणाले आणि स्वतःच हसले. मला काही हसू आलं नाही. एकट्यानं जेवून एकट्यानं निजणारा माणूस तो.

जैनबबी ही मिरचीच्या व्यापाऱ्याची विधवा. नवऱ्यामागं धंदा रेटत होती. मागच्या खेपेला पावतीवर शेरा पडला, माल भिजला आणि सगळं तिच्या अंगावर आलं. आता सुरतेच्या आडत्यानं बजावलं होतं, पुन्हा शेरा दिसला तर व्यवहार बंद. ती मालधक्क्यावर उभी राहून बाबूंना सांगत होती, “बारदान जुनं शे, बाबूसाहेब, मी खोटं नई सांगत. पन नवं कथाईन आनू?”

बाबूंनी नेहमीसारखी प्रदक्षिणा घातली. मग शेरा न मारता सही केली. मी तारेचा कागद हातात धरून बघतच राहिलो.

सुरतेला पोचेस्तोवर पोती फुटली. भरपाई रेल्वेनं भरली, जैनबबीचा धंदा तगला आणि चौकशीला साहेब आले.

“बारदान जुनं दिसलं नाही?”

“दिसलं.”

“मग शेरा?”

“ती जोखीम माझी,” बाबू म्हणाले.

त्यांची बदली झाली रानातल्या एका स्टेशनावर. तिथं माल चढतही नव्हता, उतरतही नव्हता. निरोपाला मी एकटाच होतो. ते डब्यात बसल्यावर राहवेना, म्हणून विचारलं, “बाबू, तुम्ही असं कसं केलंत?”

त्यांनी ट्रंक बाकाखाली सरकवली.

“बाईंनी आल्याआल्या विचारलं, ‘बाबूसाहेब, जेवनात का?’ इतकी वर्षं या गावात काढली, तारबाबू, जेवलात का म्हणून कुणी विचारलं नाही. सगळे विचारायचे, माल घेतलात का.”