लिहून मागितलेला उपदेश

"ताई, ती खुर्ची पाळकीणबाईंची हाय. तुम्ही खाली बसा."

आमच्या चर्चच्या महिला मंडळाच्या सेक्रेटरीने हे तीस बायकांसमोर सांगितलं. माझ्या नवऱ्याला माती देऊन महिनाही झाला नव्हता. बावीस वर्षं मी त्या खुर्चीवर बसले होते, सवयीने बसायला गेले, एवढंच. उठले. सतरंजीवर बसले. कान तापले होते. बायका गीतांच्या पुस्तकात तोंड घालून बसल्या होत्या.

आमच्या मंडळाचा नियम असा, की पाळकाची बायको तीच अध्यक्षा. निवडणूक नाही, हात वर करणं नाही. तो गेला की घर रिकामं करा, कपाटाची किल्ली द्या. मी अहमदपूरच्या स्टँडमागे एक खोली घेतली. बायबलचं शिक्षण मी नवऱ्याबरोबर एकाच वर्गात बसून घेतलं होतं. ते पाळक झाले, मी पाळकाची बायको झाले.

खुर्चीचं दुःख मी गिळलं असतं. पण पुढच्याच आठवड्यात सेक्रेटरी खोलीवर आली. वर्षातून एक रविवार बायकांचा असतो. त्या एकाच रविवारी बाई उपदेश करते, आणि तो मानही पाळकीणबाईचा. नवी पाळकीणबाई चोवीस वर्षांची. माईक बघूनच तिला घाम फुटतो.

"तुम्ही लई झकास बोलायच्या," सेक्रेटरी म्हणाली. "लिहून द्या. बाई वाचतील. तुमचं नाव नका काढू, कमिटीला आवडायचं न्हाई."

मी "हाव, देते लिहून" म्हटलं. सांगायला लाज वाटते, पण म्हटलं. चर्चशिवाय मला होतं कोण? पोटी लेकरू नाही. निदान माझे शब्द तरी तिथं जातील, असं वाटलं. इतकी मी खाली आले होते.

लिहायला बसले आणि पहिलीच आठवली ती सगुणाबाईंची गोष्ट. सगुणाबाई आमच्या बायबलबाई. खेड्यापाड्यांत फिरून बायकांना वाचायला शिकवायच्या, वचन सांगायच्या. लोह्याकडच्या सगळ्या वस्त्या त्यांनी पायी तुडवल्या. घरोघरच्या बायका स्वयंपाकाआधी मूठभर ज्वारी डब्यात बाजूला टाकायच्या, त्या ज्वारीवर बायबलबाईचं पोट चालायचं. पाळक आणि कमिटी नंतर आली. त्याआधी हेच मंडळ होतं, आणि ते बायकांनीच उभं केलं होतं.

दर वर्षी महिला रविवारच्या आदल्या दिवशी मी सगुणाबाईंना बोलावून घ्यायची. "सांगा मावशी." त्या सांगायच्या. पुरात अडकलेल्या बाळंतिणीचं, हापशावर पाणी भरलं म्हणून मार खाल्लेल्या बाईचं. मी लिहून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी व्यासपीठावरून सांगायची. माझं म्हणून. लोक रडायचे. सगुणाबाई दाराजवळ बसून आपल्याच गोष्टी ऐकायच्या.

एकदा बायकाच म्हणाल्या, यंदा सगुणाबाईंना बोलू द्या. मी म्हटलं, "त्यांना मंडळीपुढं बोलायचं वळण नाही." माझेच शब्द. आम्ही सगळे गावकुसाबाहेरून आलेलो. गावाने माझ्या आजीला देवळाची पायरी चढू दिली नाही. मी सगुणाबाईंना व्यासपीठाची चढू दिली नाही. आणि वर रोज प्रार्थना करत होते.

पेन ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने लोह्याला गेले. सगुणाबाई आता तिथं लेकीकडे असतात. बाजेवर पडून होत्या. त्यांनी मला ओळखलं.

"मावशी, तुमच्या गोष्टी मी चोरल्या. या रविवारी तुम्ही बोला."

त्या बाजेच्या काठाला धरून उठून बसल्या.

"आता दम न्हाई राहिला, बाई," म्हणाल्या. "तव्हा लई वाटायचं. एकदा तरी म्हणसाल, सगुणा, ऊठ, बोल. दर साली धुतलेलं लुगडं नेसून येत व्हते मी."

मला रडू फुटलं. त्या रडल्या नाहीत. माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत. आणि मी माफी मागणार तरी कोणत्या तोंडाने?

शुक्रवारी सेक्रेटरी कागद न्यायला आली. मी म्हटलं, "लिहून देणार नाही. मीच बोलणार आहे."

"तुम्हाला आता कोण बोलू देतंय?"

खरंच आहे, कुणी देणार नाही. कमिटी मंडळीच्या यादीतून माझं नाव काढेल. कब्रस्तानात नवऱ्याशेजारची जागा माझ्यासाठी ठेवलेली आहे, तीही देणार नाहीत. मग मला माती कोण देणार, कुठं देणार? मी शूर नाही. खोटं कशाला सांगू?

पण परवा मी जाणार. माईक नको मला. पहिलं गीत संपलं की उभी राहणार आणि सांगणार, की बावीस वर्षं इथून जे बोलले ते सगुणाबाईंचं होतं, मी त्यांचं तोंड बंद ठेवलं होतं. मग बायकांना विचारणार, आपली अध्यक्षा आपण निवडायची का? हात वर करा.

एकही हात वर आला नाही, तर पुढच्या रविवारी पुन्हा विचारीन. आत येऊ दिलं नाही, तर फाटकाबाहेरून विचारीन.