सूर्यफुलाची पेंड आणि ताईची पंगत

कोकराच्या अंगावर मांस धरायचं तर त्याला शेंगपेंडच, म्हणजे शेंगदाण्याचीच पेंड पाहिजे, बाकी सगळ्या पेंडी म्हणजे भुसा, असं दाजींचं ठाम मत होतं. ते मोडून काढायला निघालो आणि मी या भानगडीत पडलो. दुसऱ्या कुणाचं मत असतं तर सोडून दिलं असतं. पण या मतावर माझ्या बहिणीचं नावड्यात राहणं किंवा न राहणं ठरणार होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही दोन्हीकडचे मूळचे साताऱ्याचे. दाजींची उमेदीची सगळी वर्षं घाऊक बाजारात पोती उचलण्यात गेली. कंबर बोलायला लागल्यावर त्यांनी काम सोडलं आणि नावडे गावात एकाच्या परड्यातली पत्र्याची शेड भाड्यानं घेतली. दूध तुटलेली मेंढीची कोकरं गावाकडून टेम्पोनं आणायची, तीन-चार महिने चारून भरवायची, आणि विकायची. शेडला लागूनच दोन खोल्या होत्या, तिथं दोघं राहायची. मी कामोठ्यात राहतो आणि तळोज्याला एका कारखान्यात मालाची तपासणी करतो, त्यामुळे ताईकडे जाणं माझ्या वाटेवरचंच.

शेंगपेंड आधीच महाग, आणि आमच्याकडची हवा दमट. पोतं फोडून आठवडा झाला की पेंडीवर हिरवट बुरशी दिसायची. ही बुरशी लिव्हर खराब करते, हे मी दाजींना तीनदा सांगितलं. ते बोटानं बुरशी खरवडायचे, पेंड उन्हात टाकायचे आणि म्हणायचे, "ऊन लागलं की सगळं जातंय, पाव्हणं." सगळं जात नाही. एका खेपेला दोन कोकरं खाणं सोडून कोपऱ्यात उभी राहिली आणि पाठोपाठ गेली. त्यानंतर दाजींनी जाहीर केलं की पेंड परवडत नाही, मरतूक सोसवत नाही, ही खेप शेवटची. मग शेड मोकळी करायची आणि पुण्याला मुलाकडे जायचं.

त्या संध्याकाळी ताई मला गेटपर्यंत सोडायला आली.

"पुण्याला नववा मजला हाय," ती म्हणाली. "गॅलरीत गेलं की मी भिंत धरून उभी. सून चांगली हाय, पोरगं चांगलं हाय, पर मी दिवसभर करू काय तिथं? तू शिकलाय, तूच कायतरी काढ यातनं."

म्हणून मी काढलं. सूर्यफुलाची पेंड. ती स्वस्त पडते आणि बुरशीचा ताप तिला शेंगपेंडीइतका नाही. फक्त एकीच्या जागी दुसरी तेवढ्याच वजनानं घालून भागत नाही. शेंगपेंडीत प्रथिनं चाळीस टक्क्यांच्या पुढे, सूर्यफुलाच्या पेंडीत तीसच्या आसपास, वर सालपटांचा चोथा. म्हणून मी पेंड वाढवली, गव्हाचा कोंडा कमी केला, मक्याचा भरडा जरा कमीजास्त केला, मीठ आणि खनिज मिश्रण तेवढंच ठेवलं. एक खाद्य शेंगपेंडीचं, एक सूर्यफुलाचं, दोन्हींत प्रथिनं सारखी. हे गणित जुळवताना आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन रविवार पेंडीचे नमुने पसरलेले होते. बायको म्हणाली, "पोरांच्या बारावीला एवढं बसला नव्हता तुम्ही."

दाजी ऐकेनात. "कागदावर प्रथिनं आसतील, कोकरू काय कागद खातंय व्हय?"

"म्हणूनच खायला घालून बघू," मी म्हटलं. "निम्म्यांना शेंगपेंड, निम्म्यांना सूर्यफूल. शेवटी वजन करू. सूर्यफूलवाली मागं पडली तर मी तोंड उघडणार नाही."

ही पैज दाजींना आवडली. चौदा कोकरं होती. मी सगळी तोलली आणि दोन्ही गटांचं सरासरी वजन सारखं येईल अशी सात-सात वाटली. एका गटाच्या गळ्यात लाल फीत, दुसऱ्याच्या निळी. लाल झाकणाच्या पिंपात शेंगपेंडीचं खाद्य, निळ्या झाकणाच्या पिंपात सूर्यफुलाचं. कोकरं एकमेकांच्या तोंडातलं ओढतात, म्हणून चारताना प्रत्येकाला आपापल्या जागी बांधायचं ठरवलं. पीव्हीसीचा मोठा पाइप उभा चिरून लांबलचक गव्हाण केली, तिच्यासमोर चौदा खुंट्या ठोकल्या. डावीकडे लाल, उजवीकडे निळे, मध्ये फळी. दर शनिवारी मी येऊन दोन्ही पिंपं भरून जायचो. रोज सकाळ-संध्याकाळ ताईनं काट्यावर तोलून घालायचं. तिला मी दोनदा समजावलं, तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. "लाल फितीला लाल झाकण, निळ्या फितीला निळं झाकण. कळलं रं, एवढी काय खुळी न्हाई मी."

पुढचे दोन-अडीच महिने मला ज्याचा त्रास झाला ते सगळं फुकटचं होतं, हे आता लिहिताना राग येतो. सूर्यफुलाची पेंड कळंबोलीच्या गोदामातून आणायचो, तिथला माणूस प्रत्येक वेळी विचारायचा, "साहेब, गाई किती?" शेड ओली, म्हणून एक पोतं आमच्या गॅलरीत ठेवलं. आठ दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, चौथ्या मजल्यावर वास कसला येतो. चेअरमन स्वतः आले, नाक वर करून गॅलरीत उभे राहिले.

"तेलाची मिल टाकली का काय?"

"पेंड आहे. कोकरांची."

"कोकरं कुठायत?" असं म्हणून त्यांनी बेडरूमच्या दाराकडे पाहिलं. खरोखर पाहिलं. पोतं दुसऱ्या दिवशी हलवलं.

इकडे दाजींना काट्यावर विश्वास नाही. ते कोकरू दोन्ही हातांनी उचलायचे, डोळे मिटायचे आणि आकडा सांगायचे. जन्मभर पोती उचलली, मला काटा कशाला, हे त्यांचं म्हणणं. काट्यावर दोन किलोचा फरक यायचा. "तुमच्या काट्यात खोट हाय," ते म्हणायचे. मी पाच किलोचं माप आणून काटा तपासून दाखवला. "मग मापात खोट हाय."

पण दोन्ही पिंपं बरोबर हिशोबानं रिकामी होत होती. एका शनिवारीही कमी नाही, जास्त नाही. मधल्या वजनांत दोन्ही गट बरोबरीनं चालले होते. मी मनातून खूश होतो. घरी बायकोला म्हणालोसुद्धा, "ताईसारखी माणसं कारखान्यात असती तर माझं निम्मं काम वाचलं असतं."

शेवटचं वजन रविवारी सकाळी केलं. बायकोही आली होती, कारण ताईनं जेवायला बोलावलं होतं. एकेक कोकरू झोळीत घालून काट्याला लावलं. दाजींनी सवयीनं प्रत्येकाला उचलून आपला आकडा सांगितला, मी काट्याचा मोबाइलमध्ये टिपला. लालवाली सरासरी सव्वीस किलोंच्या जरा वर. निळीवाली सव्वीस किलोंच्या जरा वर. फरक इतका कमी की एखादं कोकरू त्या सकाळी किती पाणी प्यालं त्यानंसुद्धा पडला असता.

दाजींनी ते दोनदा ऐकलं. मग फेटा काढून डोकं खाजवलं.

"हरलो, पाव्हणं," ते म्हणाले. "बास. पुढच्या खेपेला एक दाणा शेंगपेंड आणायची न्हाई. सगळ्यांना सूर्यफूल. आजच गावाकडं फोन लावतो, वीस कोकरं सांगतो."

आमचं जेवण सुरू होतं. ताई भाकरी वाढत होती. ती वाढता वाढता थांबली.

"पुढची खेप आणायची?"

"आणायची की! हे परवडतंय आता."

तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद दिसला आणि लगेच दुसरंच काहीतरी. भाकरी तिच्या हातातच राहिली.

"आणा," ती म्हणाली. "पर निस्तं सूर्यफूल नगा घालू सगळ्यांना."

"का गं?" मी विचारलं. "आत्ताच तर बघितलंस."

"त्यांनी निस्तं सूर्यफूल खाल्लंच न्हाई."

मला आधी काही समजलंच नाही. मग तिनं सांगितलं. पहिल्या दिवशी तिनं मी सांगितलं तसंच घातलं. लाल फितीची खाली माना घालून खायला लागली. निळ्या फितीच्या कोकरांनी नवीन पेंड हुंगली आणि फळीवरून पलीकडच्यांच्या तोंडाकडे बघत ओरडायला लागली.

"एका वळीनं बसल्याली," ताई म्हणाली. "शेजारच्याला एक वाढायचं, ह्याला दुसरं, आणि ह्यानं बघत बसायचं. पंगतीत असला दुजाभाव मी जन्मात केला न्हाई. दुसऱ्या दिवसापासनं दोन्ही पिंपातलं सारखं तोलून घेतलं, एका घमेल्यात कालवलं आणि सगळ्यांना सारखं वाढलं."

"दोन्ही कालवून?"

"तोलून! तू म्हणलावतास ना तोलून घाल. एक घास कमीजास्त केला न्हाई."

म्हणूनच पिंपं बरोबर संपत होती. माझा प्रत्येक आकडा जुळत होता आणि एकालाही अर्थ नव्हता. चौदाच्या चौदा कोकरांनी निम्मी शेंगपेंड आणि निम्मं सूर्यफूल खाल्लं होतं, म्हणजे ती सारखी वाढणारच होती, आणि त्यालाच मी सिद्धता समजून बसलो होतो.

"ताई," मी शक्य तेवढ्या शांतपणे म्हटलं, "ती मेंढरं आहेत."

"मग? मेंढराला डोळे न्हाईत?"

"अगं, पण मला विचारायचंस तरी!"

"तू न्हाई म्हणला असतास."

दाजी हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत. बायकोनं त्यांना पाणी दिलं आणि मला म्हणाली, "ताईंचं बरोबर आहे. आपल्या घरच्या लग्नात तुम्हीच नाही का भांडला होता, मागच्या पंगतीला जिलेबी संपली म्हणून?"

जिलेबीचा आणि प्रथिनांचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. भाजी गार होत होती.

"आता माझं ऐका," मी दाजींना म्हटलं. "सगळं सूर्यफूल चालतं की नाही, हे आपल्याला माहीत नाही. निम्मं-निम्मं चालतं असंही म्हणता येत नाही, कारण शेजारी ताडून बघायला नुसत्या शेंगपेंडीचं एकसुद्धा कोकरू नाही. आपल्याला काहीही कळलेलं नाही."

"आसं कसं?" दाजी म्हणाले. "सव्वीस किलो भरली न्हवं? एक मेलं? एकानं खाणं सोडलं? शेंगपेंड निम्मी लागली, तेवढी बुरशीच्या आत संपली. मला तर लई कळलं."

"गेल्या खेपेला किती भरली होती?"

"तेवढीच."

"तोलली होती?"

त्यांनी दोन्ही हात पुढे केले, कोकरू उचलल्यासारखे, आणि डोळे मिटले. मी जेवायला लागलो.

फोन त्यांनी जेवणानंतर लावला. वीस कोकरं सांगितली. निम्मं-निम्मं घालायचं ठरलं. ताई भांडी घासता घासता पलीकडचं बोलणं ऐकत होती, आणि दर वाक्याला घासायची थांबत होती. फोन संपल्यावर ती मला म्हणाली, "तुझी लई मेहनत वाया गेली का रं?"

"गेली."

"मग पुन्हा कर की. मी न्हाई कुठं म्हणते?"

"तू पुन्हा कालवशील."

"मधी आडोसा घाल. एकमेकाला दिसाया नकोत. मग दोन पंगती झाल्या. दुसऱ्या पंगतीला दुसरा बेत असला तर कोण बोलतंय?"

एवढी साधी अट होती. पहिल्या दिवशी सांगितली असती तर माझे अडीच महिने वाचले असते. तसं मी म्हणालो. ती म्हणाली, "तू विचारलंस का?"

नवीन कोकरं आली त्या शनिवारी मी शेडमध्ये मधोमध पत्र्यापासून जमिनीपर्यंत ताडपत्री बांधली आणि गव्हाण कापून दोन केल्या. अलीकडे लाल झाकणाच्या पिंपातली नुसती शेंगपेंड, पलीकडे निळ्या झाकणाच्या पिंपातलं निम्मं-निम्मं. दाजी खाटेवर बसून सूचना देत होते, त्यांतली एकही उपयोगाची नव्हती. ताईनं अलीकडच्या दहांना तोलून वाढलं, ती खाऊ लागेपर्यंत उभी राहिली, मग घमेलं धुतलं, पुसलं आणि ताडपत्री उचलून पलीकडे गेली.

मी खाली वाकून बघितलं. तिच्या हातात निळ्या झाकणाच्या पिंपातलंच खाद्य होतं. तरी दर शनिवारी मी न सांगता, वेगवेगळ्या वेळी जातो. तिला ते कळलंय. मी गेटातून आत येताना दिसलो की ती शेडमधूनच ओरडते, "ये, बघ, तपास! आन् तपासून झालं की च्या घ्याया आत ये."

पुण्याच्या नवव्या मजल्याचं नाव दाजींनी त्यानंतर काढलेलं नाही. मात्र परवा ते एक कोकरू उचलून, डोळे मिटून म्हणाले, "पाव्हणं, ताडपत्रीपलीकडची जरा जड लागत्यात." मी काटा आणायला गेलो.