रतन म्हशीला लावलेला फोन

शेवंती वहिनीच्या आणि माझ्या घराच्या मध्ये एक कुंपण आणि दोन फणस आहेत. तिच्या आवाजाला या तिघांचाही काडीचा अडथळा होत नाही. पहाटे ती गोठ्यात शिरली की माझी झोप संपली म्हणून समजायचं. मी बांद्याच्या स्टँडवर मॅजिक गाडी चालवतो, पहिली फेरी उशिराची असते, मला आणखी तासभर लोळायला कोणाची हरकत नाही. पण वहिनी रतनशी बोलायला लागते आणि मी छताकडे बघत ऐकत राहतो.

रतन म्हणजे तिची म्हैस. काळीभोर, आडव्या शिंगांची आणि स्वभावाने मालकिणीइतकीच तिखट. वहिनी जवळ बसून बोलत असल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही. त्यामुळे धार काढता काढता वहिनी तिला आदल्या दिवसाच्या सगळ्या गजाली सांगते. कोणाच्या लग्नात वडे कच्चे राहिले, कोणाच्या सुनेने स्कूटर घेतली, आणि भिकाजी भावजीनी, म्हणजे मी, गाडी धुवायला तिच्या विहिरीचं पाणी न विचारता कसं उपसलं. माझी अब्रू रोज पहाटे त्या म्हशीच्या कानात जाते. म्हैस आंबोण खात ऐकते आणि बालदी भरते.

वहिनीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा मितेश गोव्यात औषधांच्या कारखान्यात आहे, सुट्टीला मोटरसायकलवरून येतो. चांगला मुलगा आहे हे आधीच सांगून ठेवतो, कारण आता तुम्हाला त्याचा राग येणार आहे. त्याने रतन विकायचं ठरवलं होतं.

त्याचंही चुकत नव्हतं. दूध संघ भाव खाली आणत होता, पेंड वर चढत होती, आणि वाडीतल्या बायका वाढवून मागत होत्या तो भाव संघ देत नव्हता. एका सुट्टीला त्याने ओटीवर बसून आईला सगळा हिशोब समजावला आणि शेवटी म्हणाला, "आये, तू म्हशीक पोसतस. म्हस तुका नाय पोसणा." आंबोली घाटाच्या वरचा एक व्यापारी त्याने बघूनही ठेवला होता.

वहिनी दोन दिवस भांडली. तिच्याशी भांडून जिंकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही, पण आकड्यांशी तिला भांडता येईना. शेवटी तिने शब्द दिला, तोही तिच्या पद्धतीने, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा. "आमी मागतांव तो भाव गावलो तर रतन हयसरच ऱ्हवतली. नाय गावलो, तर येत्या आयतवारी घेवन ये तुज्या येपाऱ्याक!"

आणि त्याच आठवड्यात दूध बंद आंदोलन सुरू झालं.

आमच्या वाडीत दुधाचं सगळं बायकांच्या हातात. पुरुष म्हशी विकत आणतात, फोटो काढतात आणि मग विसरतात. तेव्हा संघाच्या टेम्पोला रिकामा परत पाठवणं हे कामही बायकांनीच केलं. सुशांत म्हणून आमचा एक तरुण पुढारी आहे. त्याला दूध हायवेवर ओतून व्हिडिओ करायचा होता. "काकी, एकदम व्हायरल जातलो," तो म्हणाला.

"रस्त्याक भूक लागली हा काय रे मेल्या?" वहिनी म्हणाली, आणि व्हिडिओ तिथेच बारगळला.

मग ते दूध जाणार कुठे? वाडीच्या पोटात. सकाळी खीर, दुपारी दही, संध्याकाळी पुन्हा कोणाच्या तरी घरची खीर, आणि नाही म्हटलं तर "आमचा दूद गोड लागणा नाय काय?" हा प्रश्न. माझ्या बायकोने तर एक दिवस माशाच्या आमटीशेजारी बासुंदी वाढली. मी मुकाट्याने दोन्ही खाल्लं आणि देवाला म्हटलं, भाव वाढव रे बाबा, नाहीतर हे आंदोलन माझाच जीव घेणार.

शुक्रवारचं ओरोसच्या जिल्हा कचेरीत चर्चेला बोलावणं आलं. जिल्ह्याचे मोठे साहेब बसणार, संघाचे साहेब येणार. वाडीतून कोणी जायचं यावर वाद झाला आणि तो नेहमीच्या पद्धतीने मिटला. सगळ्याच जणी निघाल्या. सकाळच्या धारा उरकून, ठेवणीतल्या साड्या नेसून अकरा बायका देवळासमोर उभ्या राहिल्या. गावकराने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, त्या संघाच्या सायबाक बरी बुद्धी दी रे म्हाराजा," आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. माझी गाडी आणि आणखी एक रिक्षा भरून आम्ही निघालो.

यातली चूक तुमच्या लक्षात आली असेल. आमच्या कोणाच्याच आली नाही. वाडीत म्हशी सगळ्या होत्या आणि त्यांची धार काढू शकेल असं एकही माणूस मागे उरलेलं नव्हतं.

संघाचे साहेब जेवणानंतर आले. मोठ्या साहेबांची आत दुसरी बैठक चालली होती, म्हणून आम्हाला बाहेरच्या हॉलमध्ये पंख्याखाली बसवलं. चहा आला. एका घोटात वहिनीने कप खाली ठेवला. दूध बंद आंदोलनाच्या चर्चेला पावडरीचा चहा! बाकीच्या जणींनी वास घेऊनच कप सरकवले. मी मात्र दोन प्यायलो, आठवडाभरात प्रथमच दुधाची चव नसलेलं काही मिळालं होतं.

संघाचे साहेब गोड बोलायचे. ताई म्हणायचे, मान डोलवायचे, "तुमचं अगदी बरोबर आहे" म्हणायचे आणि मग फोन घ्यायला बाहेर जायचे. असं करत करत उन्हं कलली. तेव्हा त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि फार काळजीच्या सुरात म्हणाले, "ताई, संध्याकाळच्या धारांची वेळ झाली. मुकी जनावरं वाट बघत असतील. आज राहू दे, पुढच्या आठवड्यात निवांत बसू."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. कासेत दूध तटलं की म्हैस कशी ओरडते, ते त्या प्रत्येकीला तिथे बसून ऐकू येत होतं. वाडीतल्या लवूच्या बायकोने, संचिताने, पिशवी उचलली. मला वहिनीचा चेहरा दिसत होता. पुढचा आठवडा म्हणजे रविवारनंतर, आणि रविवारी व्यापारी येणार होता.

ती उठली. कचेरीत ती आपलं ठेवणीतलं मराठी बोलते. "साहेब, आम्ही इथून उठणार नाही आहोत. जनावरांचं आम्ही बघून घेऊ." असं म्हणून ती ऐटीत बसली आणि माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "भावजीनू, आता काय करूचा?"

मला काय ठाऊक! मी म्हटलं, मितेशला फोन लाव. तो रविवारसाठी गुरुवारीच घरी आला होता.

वहिनीचा फोन जुना, त्याचा आवाज स्पीकरवरच येतो. त्यामुळे पुढचं सगळं अख्ख्या हॉलने ऐकलं.

"मितेशा, रतनाची धार काड."

"मी?"

"नाय, तुज्या कारखान्याचो मालक. बालदी घे नि बस."

थोड्या वेळाने फोनमधून बालदी घरंगळल्याचा आणि मितेशच्या विव्हळण्याचा आवाज आला. "आये, लाथ मारल्यान!"

"माजी साडी नेस. दोरयेर आसा ती, सकाळची. धुतलेली नको. तिका वास व्हयो."

"मी साडी नेसूचंय नाय."

मागून रतन ओरडली. तो ओरडा ऐकून सगळ्या जणींच्या तोंडून एकदम 'अरे रे' निघालं. फोनमध्ये कापडाची सळसळ झाली. मग मितेशचा अगदी बारीक आवाज आला, "नेसलंय." त्यावर संघाचे साहेब खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवून हसले. पण साडीनेही काम होईना. रतन उभी राहिली, पान्हा सोडीना.

"फोन तिच्या कानाकडे धर," वहिनी म्हणाली. आणि तिने सुरुवात केली.

"रतना, ऐकतस मा गो? मी आसंय. हयसर ओरोसाक बसलंय, येवक उशीर जातलो. हो संघाचो सायब आमका घराक धाडूक बगता. बरो दिसता, पण ह्येच्या चायेत दूद नाय." हॉलमध्ये हशा पिकला. साहेबांनी रुमाल काढला. वहिनीचं कुठेच लक्ष नव्हतं. ती भिंतीकडे बघत होती आणि आवाज पहाटेचा झाला होता. "पुढ्यात बसलो हा तो माजो झील. तेका लाथ मारू नको. बारीक झालो हा बग, थंय काय खाता देवाक म्हायत. माजो गुडघो परत धरलो हा, पण तेका सांगूक नको, उगीच जीवाक घोर. फोन करता तो, 'जेवलंस?' इचारता, मी 'जेवलंय' म्हणतंय, नि तो फोन ठेवता. तेका कामा असतत गो. मगे मी तुज्याकडे येतंय. तू नि मी, आणखी कोण आसा ह्या घरात? सोड बाय, सोड आता."

आणि फोनमधून बालदीत धार पडल्याचा आवाज आला. आधी टणटण, मग भरत चाललेल्या बालदीतला तो जाड, फेसाळ आवाज.

हॉलमध्ये कोणी टाळी वाजवली आठवत नाही, मीच असेन. मग काय! दहाच्या दहा जणींनी आपापले फोन काढले. घराघरांतून नवरे, मुलगे, सासरे उठवले गेले, साड्या नेसवल्या गेल्या, आणि त्या सरकारी हॉलमध्ये "ये गो बाय", "उबी रव", "लवू, तुमी मागसून नको, बाजूक बसा!" असा गदारोळ उसळला. गौरी, चंद्री, मंगळी अशी सगळ्या म्हशींची नावं घेऊन लाडीगोडी चालली होती. आतलं दार उघडलं आणि मोठे साहेब बाहेर आले. काय चाललंय ते त्यांना मी सांगितलं. ते इतके हसले की चष्मा पुसावा लागला. मग संघाच्या साहेबांना म्हणाले, "यांना घरी जायची काही घाई दिसत नाही. तुम्हाला आहे का?"

दिवेलागणीपर्यंत बैठक झाली आणि भाव वाढला. मागितला होता तितका नाही, पण वाढला, आणि सोमवारपासून देण्याचं लेखी झालं. परतताना गाडीत गाणी चालली होती. वाडीच्या तोंडाशी लवू बायकोच्या गुलाबी साडीत, झुपकेदार मिशांनिशी, बालदी घेऊन आमची वाट बघत उभा होता. संचिता हसून हसून गाडीतून उतरेना. नुसती शेवंती वहिनी खिडकीबाहेर बघत होती. मागितलेला भाव मिळाला नव्हता, आणि तिने शब्द मागितलेल्या भावाचा दिला होता. घरी गेल्यावर विक्रीचा विषय मितेशने काढला नाही, तिनेही नाही.

रविवारी व्यापारी आला. मी कुंपणाशी उगीचच फणसाची पानं गोळा करत होतो, खोटं कशाला सांगू. माणूस सरळ होता. त्याने रतनला चहूबाजूंनी बघितलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "म्हस झकास हाय. आत्ताच चढवू का टेम्पोत?"

वहिनी दारात उभी होती. पदर तोंडाशी धरून. मला त्या व्यापाऱ्याचा, संघाचा आणि मितेशचा असा तिघांचाही राग आला होता.

"द्यायची नाही," मितेश म्हणाला.

"का वो? भाव वाडला म्हून? तेवड्यात परवडतंय व्हय?"

"परवडत नाही. पेंडीचं मी बघेन."

"मग ठेवून करायचं काय?"

मितेश पायाने माती उकरत होता. मान वर न करताच म्हणाला, "ही गेली तर आई बोलणार कोणाशी?"

व्यापाऱ्याने रतनच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या" म्हणत त्याने टेम्पो वळवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी फणसाच्या पानांकडे बघत पुसलं.

वहिनी धावतच अंगणात आली आणि मुलावर ओरडली, "पावण्याक चाय नको काय इचारूक? असोच धाडलंस?"

मितेशने तिचा हात धरून तिला पायरीवर बसवलं आणि स्वतः खाली बसला. "आये, गुडघो कदीपासून धरलो हा?"

"मेल्या, तुका कोणी सांगल्यान?"

"रतनान," मितेश म्हणाला.