मामांची डोली

"जेवलीस का गं?" डोलीत बसायला आलेल्या प्रत्येक पोटुशीला मामा आधी हे विचारत. कळा देणारी बाई कसली जेवतेय! पण ती "न्हाई" म्हणाली, की कुणाच्या तरी चुलीवरून चतकोर भाकरी आणि दूध आल्याशिवाय मामा बांबूला खांदा लावत नसत. "उपाशी मानूस उताराला भितंय," म्हणत.

तुम्हीही असा एखादा पाहिला असेल, ज्याचं गावावाचून काही अडत नाही, गावाचं मात्र त्याच्यावाचून अडतं. मेढ्याच्या वर डोंगरात आमचं गाव. तेव्हा रस्ता नव्हता. बांबूला घोंगडी बांधायची, तिच्यात अडलेल्या बाईला निजवायचं आणि चौघांनी उतरून मेढ्याच्या दवाखान्यात न्यायचं. पुढचा खांदा कायम मामांचा.

डोलीखाली "जड" म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. आतल्या बाईला ऐकू जातं ना! खांदा दुखायला लागला, बदली हवी असली, तर म्हणायचं "भरलंय." मुंबईहून सुट्टीला आलेला एक गडी एकदा बोलून गेला, "लय जड हाय रं!" मामांनी आधी बाईला दवाखान्यात पोचवलं. परतीच्या चढाला मात्र त्यालाच रिकाम्या डोलीत बसवलं. "बस गड्या. तू किती हलका हाईस, बघू तरी." निम्म्या वाटेत तो हात जोडून उतरला.

मी त्या गावच्या शाळेत इंग्रजीची बाई. सांगलीच्या सपाट मुलखातून आलेली. चपलेला दोन बोटं टाच आणि नाकाला चार बोटं. नवरा सैन्यात, दूर सरहद्दीवर. शाळेच्या तपासणीपायी माहेरी जाणं लांबवत लांबवत आठवा संपत आणला. शेवटी एका सकाळी निघाले, तर मामा डोली घेऊन दारात.

"जेवलासा का, बाई?"

"मी आजारी नाही, मामा. शिकलेल्या बायका चालत जातात."

हे मी कोणत्या पुस्तकात वाचलं होतं, देव जाणे! आज ते वाक्य आठवलं की त्या टाचवालीच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

मी तरातरा पुढे. वळून पाहते तर वीस पावलं मागे चार माणसं आणि रिकामी डोली.

"तुम्ही कुठे निघालात?"

"आमी व्हय? मेढ्याला. विळ्याला धार लावायची हाय."

"एका विळ्याला चौघं?"

"लय बोथट झालाय, बाई."

निम्म्या उतारावर कळ आली. खाली बसले ती उठताच येईना. मामांनी एका शब्दाने टोचलं नाही. बरोबर आणलेली दुधाची बाटली पुढे केली, घोंगडी झटकली, मला आत निजवलं. मी खात्यापित्या घरची. थोड्याच वेळात मागून "भरलंय... भरलंय" सुरू झालं. कळा सोसत मी ओरडले, "जड आहे म्हणा की सरळ!"

"न्हाई बाई," पुढून मामा म्हणाले, "दोघीजनी हायसा नव्हं."

मुलगीच झाली. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, आणखी अर्धा तास वाटेत गेला असता, तर दोघींपैकी एकही हाती लागली नसती. मी भानावर आले तोवर मामा विळ्याला धार लावून वर गेले होते. पुढे माझी सांगलीला बदली झाली. आभार राहिले ते राहिलेच.

गेल्या वर्षी नातीने मोबाइलवरून मान वर केली. "आजी, बॉर्न म्हणजे मुळात काय गं?"

"जन्मलेला," मी ऐटीत म्हणाले. तीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं!

"अर्धं बरोबर. मूळ शब्द ओझं वाहण्याचा आहे. बॉर्न म्हणजे वाहून आणलेला. आईने पोटातून."

तीस वर्षं मी तो शब्द पोरांकडून घोकून घेतला आणि त्याच्या पोटात काय आहे, ते कधी पाहिलंच नाही. मुलीला म्हटलं, गाडी काढ.

आता वरपर्यंत डांबरी सडक झाली आहे. मामा ओसरीवर बसले होते, कान गेलेले. मी मोठमोठ्याने शब्दाचा अर्थ सांगितला, मुलीला पुढे केलं, आभार मानले आणि मानता मानता रडले.

मामा विचारात पडले. "म्हंजी इंग्रजांच्या मुलखातबी डोंगर हाय म्हना की!" मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आठ म्हैनं तुमी वाहिली. आमी दीड तास. लय मोठं करू नगासा, बाई."

माघात मामा गेले. माझे गुडघे गाडीत बसू देईनात, म्हणून मुलगी एकटीच गेली. अंगणात कुणीतरी विचारलं, "तुमी त्येंच्या कोन?"

ती म्हणाली, "मला त्यांनी वाहून आणलंय."

मामी भिंतीशी बसल्या होत्या. त्यांनी तिला हाताला धरून जवळ बसवलं आणि बाकीच्या बायकांना म्हणाल्या, "सरका गं जरा. अजून लय जनी यायच्यात."