प्रल्हादचा हात

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही. तुम्हाला सांगतोय ते एवढ्यासाठी की तुम्ही मला ओळखत नाही आणि सांगताना मला तुमच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. म्हणजे इथेही भित्रेपणाच. चला, निदान सुरुवात तरी खरी झाली.

गोंदियाच्या बाजारात माझं दुकान आहे. टीव्ही, रेडिओ, अॅम्प्लिफायर यांच्या पोटात जे बारीकसारीक सामान असतं ते मी विकतो. गावोगावचे मेकॅनिक माझ्याकडून नेतात. मागे एकदा व्यापाऱ्यांच्या कार्यक्रमात ‘सचोटीचा दुकानदार’ म्हणून मला शाल आणि नारळ दिला. देणाऱ्याचा माल कसला होता हे मला ठाऊक होतं, माझा कसला हे त्याला. फोटोत दोघेही छान हसलो आहोत.

प्रल्हाद माझ्या बरोबरचा. आयटीआयला आम्ही एका बाकावर होतो. तो अर्जुनी मोरगावकडचा, आईवडील दुसऱ्यांच्या धानात रोवणीला जाणारे. पण त्याचा हात! त्याने लावलेला सोल्डरिंगचा टाका मसुरीच्या दाण्याएवढा आणि तसाच गुळगुळीत असायचा. माझे टाके म्हणजे शिशाचे गोळे. एकदा सरांनी त्याचं काम वर धरून वर्गाला दाखवलं, मग माझं धरलं — असं करायचं नसतं म्हणून. सगळे हसले, मीही हसलो. ते मी विसरलो होतो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. विसरलो होतो का?

नव्याण्णव साली आम्ही बाहेर पडलो. मला टाके जमत नव्हते, म्हणून मी पार्ट्सचं दुकान टाकलं. बापाची जागा होती, अक्कल लागली नाही. प्रल्हादने अर्जुनीला एसटी स्टँडजवळ दुरुस्तीची खोली घेतली आणि वर्षा-दोन वर्षांत त्या भागात त्याचं नाव झालं. नागपुरात जाऊन परत आलेले टीव्ही तो चालू करायचा. दर आठवड्याला पॅसेंजरने गोंदियाला यायचा, माल न्यायचा. येताना माझ्यासाठी तलावातले शिंगाडे आणायचा. मी ते खायचो.

मग एक दिल्लीवाला विक्रेता आला. दोन हजार तीन-चारच्या सुमारास असेल. बॅगेतून अॅम्प्लिफायरमध्ये बसवायचे चकचकीत ट्रान्झिस्टर काढून काउंटरवर मांडले — मोठ्या कंपनीचं नाव, नंबर, सगळं छापलेलं. मी थिनरमध्ये कापूस बुडवून एकावर घासला. नाव कापसावर आलं. खाली दुसरंच, खरवडलेलं नाव. भंगारातून काढलेला, कमी ताकदीचा माल, वरून रंगवलेला. असा पार्ट हळू आवाजात चालतो. भार आला की जळतो.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो जरासुद्धा ओशाळला नाही. म्हणाला, “सेठजी, देहात में कौन देखता है?”

हे वाक्य मला आवडलं. खरं सांगतो — आवडलं. ‘सेठजी’सुद्धा.

तेव्हा मला फसवलं गेलं, असं म्हणायची सोय नाही. माझ्याकडे दोन खण होते. एकात अस्सल माल — तो सरकारी ऑफिसांच्या मेकॅनिकांना, भांडायला येतील अशांना. दुसऱ्यात हा. तो देवरी, सालेकसा, सडक अर्जुनीकडून धुळीने माखून येणाऱ्यांना. त्यांना मी मनातल्या मनात ठोकपीटवाले म्हणायचो. पार्ट जळाला की ते खाली मान घालून दुसरा न्यायचे. वाटायचं, यांना काय कळतं? त्यांना कळत नव्हतं कारण त्यांचा माझ्यावर विश्वास होता. याला मी त्यांचा अडाणीपणा म्हणत होतो.

आणि प्रल्हाद? त्याला कुठल्या खणातला द्यायचा?

इथे मी थांबतो, दर वेळी इथेच थांबतो. फायद्यासाठी दिला, असं म्हटलं तर तुम्हाला समजेल, सगळ्यांना समजतं. पण त्याच्या मालात मला कितीसा फायदा होता? नाही. मी हात दुसऱ्या खणात घातला कारण मला बघायचं होतं — हा मसुरीच्या दाण्यावाला आता काय करतो.

काही दिवसांनी तो आला. दुकानात गिऱ्हाईक होतं. काउंटरवर वाकून हळूच म्हणाला, “का गा, माल बरोबर आहे ना? लावलं का जळूनच राहिले.”

मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, “बाकीचेही हेच नेऊन राहिले, प्रल्हाद. कोणाची तक्रार नाही.”

तक्रारी होत्या. रोज होत्या. प्रत्येकाला मी हेच सांगत होतो.

त्याने मान हलवली. “मंग माझंच काही चुकून राहिलं असंल,” म्हणाला, आणि परत तेच घेऊन गेला.

पुढच्या चौदा एप्रिलला त्याने मला वस्तीतल्या जयंतीला बोलावलं. विहाराचा अॅम्प्लिफायर त्यानेच बनवून दिला होता आणि त्याची मुलगी गाणं म्हणणार होती. मी गेलो. त्या वस्तीत जाऊन बसतो, जेवतो, याचं मी मनात स्वतःला श्रेयही देत होतो — असा मी माणूस. तो सगळ्यांना “जय भीम” करत होता, मलाही केलं. मी नमस्कार म्हणालो.

ऊन उतरलं होतं. मुलगी निळ्या फ्रॉकमध्ये माइकपुढे उभी राहिली. पहिली ओळ झाली. मागच्यांना ऐकू येईना म्हणून कोणीतरी आवाज चढवला. जळका वास आला आणि सगळं बंद पडलं.

“प्रल्हादनंच बनवला होता ना बे?” कोणीतरी विचारलं. वाईटपणाने नाही, नुसतंच. पण सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

त्याने झाकण उघडलं. मी शेजारी वाकलो. माझा ट्रान्झिस्टर होता. नाव काळं पडलं होतं, आणि आजूबाजूला त्याचे टाके — तसेच, गुळगुळीत, एकही हललेला नाही. एवढा स्वच्छ पुरावा मी आयुष्यात पाहिला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. विचारत होता तो. त्या क्षणी एक वाक्य बोललो असतो तर...

बोललो मी. त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आवाज हळू केला, जिवलग मित्र करतो तसा. म्हणालो, “तुझा हात पहिल्यासारखा नाही राहिला गा. टाका देताना पार्ट जास्त तापवून राहिला तू. वेळेवर समजून घे.”

त्याने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. उलटा करून, सुलटा करून. जणू दुसऱ्या कोणाचा हात होता.

मुलीने माइकशिवाय गाणं पूर्ण केलं. पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं असेल. मग जेवण झालं, मी पोटभर जेवलो.

त्यानंतर प्रल्हादने काय काय केलं! गोंदियाला येऊन डोळे तपासले. चष्मा लावला. नवी सोल्डरिंग गन घेतली. आधी उभ्याउभ्या करायचा ती कामं तो आता दोनदोनदा तपासून, घाबरत करू लागला. आणि घाबरणारा हात खरोखरच चुकायला लागतो. म्हणजे मी बोललो ते शेवटी खरं झालं. ते मीच खरं केलं. अर्जुनीतले लोक टीव्ही गोंदियाला आणू लागले. त्यांचे मेकॅनिकही माझेच गिऱ्हाईक. त्यांना मी पहिल्या खणातलं देत होतो.

एक दिवस प्रल्हाद पिशवी घेऊन आला. मीटर, गन, पकडी, सगळं पुसून ठेवलेलं. “तुझ्या दुकानात राहू दे. मले घरी पाहावत नाही,” म्हणाला. मी ते काचेच्या कपाटात मांडलं. लवकरच विकलं गेलं.

त्याला मधे बरीच वर्षं मी पाहिलं नाही. मग एकदा बायको आणि सासरच्या माणसांना घेऊन नवेगाव बांधचा तलाव बघायला गेलो. काठावर चहा-भज्यांची टपरी होती. भजी तळणारा माणूस झारा टाकून धावत आला. प्रल्हाद. केस पिकलेले, चष्मा तेलकट. त्याने आम्हाला बसवलं, बाकडं स्वतः पुसलं. पोरगी नर्सिंगला आहे, म्हणाला. मग माझ्या बायकोकडे वळला.

“वहिनी, तुमचा माणूस लय सरळ. माझा हात गेला तवा यानंच मले तोंडावर सांगतलं. दुसरा दुकानदार असता तं चूप राहून माल विकत राहिला असता. तुम्हीच सांगा, कोण सांगते असं?”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर इतक्या कौतुकाने तिने माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. सासऱ्यांनी मान डोलावली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, प्रल्हादही. त्याचे डोळे भरले होते.

मी म्हणालो, “दोस्ती कशासाठी असते गा?”

त्याने माझ्यापुढे गरम भज्यांची आणखी एक प्लेट ठेवली. मी ती संपवली.