नवऱ्याला पैकीच्या पैकी

तिला सगळे 'मोजपट्टी' म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. माणसाला दुसऱ्याच्या मनातलं किती उमगतं, हा तिचा संशोधनाचा विषय. फोनवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या एका ऑफिसने तिला बोलावलं. साहेबांनी प्रश्नावली आयतीच आणून ठेवली होती: आपणच वाचायची, आपणच आपल्याला गुण द्यायचे. फोनवर बसणाऱ्या ज्या बायकांना गुण कमी, त्यांची तिथून उचलबांगडी. मोजपट्टीने फक्त सही ठोकायची.

तिने आधी ती प्रश्नावली घरी नेऊन नवऱ्यापुढे सरकवली. सकाळपासून ती त्याच्यावर फुगलेली, भांडी आपटून आपटून दमलेली. पठ्ठ्याने 'समोरच्याचा राग मला लगेच कळतो' यापुढे पैकीच्या पैकी गुण ठोकले आणि विचारलं, "आज भाजीत मीठ नाही का गं?"

"नाही. मुद्दाम."

"का बरं?"

तिला हसू आवरेना. राग गेलाच, वर प्रश्नावलीचं पितळही उघडं पडलं.

"साहेब, ही समज मोजत नाही," तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. "माणूस स्वतःवर किती खूश आहे, तेवढं मोजते."

"अहो बाई, मी स्वतः भरलीय! भरघोस गुण आहेत मला."

"मग एक कोरी घरी न्या. वहिनींना भरू द्या, तुमच्याबद्दल."

साहेब हसत गेले आणि सकाळी तोंड पाडून आले. आकडा कळावा म्हणून अख्खं ऑफिस कान टवकारून बसलं होतं. मोजपट्टीने विचारलंसुद्धा नाही. उलट म्हणाली, "वहिनींचं मत हेही माप नव्हे हं. घरचा माणूस ऑफिसात वेगळा असतो."

साहेबांच्या जिवात जीव आला. "मग माप आणायचं कुठून?"

"कामातूनच. तक्रार सांगून झाली की ग्राहकालाच विचारायचं, बोलताना काय वाटत होतं. त्याची परवानगी घेऊन ते रेकॉर्डिंग बायकांना ऐकवायचं. त्यांनी ओळखायचं. आणि जिला ओळखता येतं, तिचे ग्राहक खरंच समाधानी असतात का, तेही ताडून बघायचं. नाही जुळलं, तर हेही माप केराच्या टोपलीत."

"वर्ष जाईल हो! तुमचा करार त्याआधी संपतोय."

"संपू दे. पण तोवर एकीचीही खुर्ची हलवायची नाही. नाहीतर माझी सही मिळणार नाही."

साहेबांनी खिशातला घडी घातलेला कागद चाचपला. वहिनींचाच असावा. "बरं," ते पुटपुटले, "करार वाढवतो."

वर्षभराने माप जुळलं. तोवर एकीचीही खुर्ची हलली नाही. त्या परीक्षेला मोजपट्टीही बसली होती, आणि रडकुंडीला आलेल्या एका ग्राहकाला तिने चक्क 'शांत' ठरवलं होतं. हे तिने अहवालात स्वतःहून लिहिलं. इतकं कोण लिहितं हो?

नवऱ्याने ते वाचलं आणि मिशीत हसला. "तुला रेकॉर्डिंग लागतं. मी आता भाजी चाखून ओळखतो."