डिकीतला गूळ आणि मागचा बार

गाडी विकायची नव्हती, म्हणून हा प्रवास झाला. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. माझ्याकडं लाल, दोन सीटांची स्पोर्ट्स कार होती आणि पसरणी घाटातल्या एका वळणावर ती वळायचं सोडून थेट कठड्याकडं निघाली होती. शेजारी माझी बायको सुनंदा. घरी पोचल्यावर ती गाडीतून उतरली. मग म्हणाली, "आणखी एकदा असं झालं, की गाडी विकायची." सुनंदा एकदा बोलली की बोलली.

दुखणं मला कळलं होतं आणि औषधही. वळणावर गाडी एका अंगाला कलते. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पोलादी स्वे बार तो कल आवरतो. पण लोक निवडताना हमखास चुकतात. जिचं नाक वळत नाही, तिला पुढं जाड बार टाकला तर ती जास्तच हटून बसते. तिला कडक बार हवा तो मागं. तुमच्या गाडीचं असंच असेल तर एवढं ध्यानात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

बाजारात असा बार मिळत नव्हता. सांगलीजवळ कुपवाडला ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे करणारे एक मिस्त्री तो घडवून देतील असं समजलं. सकाळी दोघं साताऱ्याहून निघालो, कऱ्हाडपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगलो आणि मुक्कामाला इस्लामपूरजवळ सासरी गेलो. गुऱ्हाळं सुरू होती. गरम काकवी आणि भाकरी यापुढं हॉटेलचं जेवण काय!

सासरे, म्हणजे सुनंदाचे आबा, फौजेतले निवृत्त सुभेदार. लेकीला रिकाम्या हातानं धाडणं त्यांच्या कायद्यात बसत नाही. सकाळी निघताना त्यांनी गुळाच्या दोन ढेपा आणि शेंगांचं पोतं डिकीत कोंबलं.

"मामा, गाडी लहान आहे," मी म्हणालो.

"गाडी ल्हान आसंल, लेक न्हाई," ते म्हणाले. विषय संपला.

कुपवाडच्या मिस्त्रींना मात्र पुढं जाड बार टाकायची घाई होती. "दणकट करू या की, सायेब. ट्रॉलीवाले समदे जाडच मागत्यात."

"मला ट्रॉली ओढायची नाही. बार मागंच, आणि टोकाला दोन भोकं ठेवा."

बार वाकतो तिथून जवळच्या भोकात बोल्ट घातला की बार कडक, लांबच्या भोकात घातला की नरम. बार होईपर्यंत आम्ही सांगलीत जाऊन भडंग खाल्लं. खर्च म्हणाल तर दोन टायरांपेक्षा कमी आला. मग कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या मोकळ्या रस्त्यावर दोघं बसून चाचणी घेतली. जवळच्या भोकावर गाडीचं शेपूट घसरायला लागलं. लांबच्या भोकावर गाडी अशी वळली की सुनंदाचं भडंग खाणं थांबलं नाही. मी खूश. तेच कायम केलं.

साताऱ्यात आल्यावर सुनंदानं रीतीप्रमाणं गूळ-शेंगा आळीभर वाटल्या. रविवारी आम्ही तोच घाट चढायला लागलो आणि त्याच वळणावर गाडीचं नाक पुन्हा कठड्याकडं सरकलं. या वेळी थोडंच, पण सुनंदानं दाराची मूठ घट्ट धरली. आता गाडी विकावी लागणार, असंच वाटलं.

पुढं कडेला थांबून मी रिकामी डिकी उघडली, तेव्हा डोक्यात उजेड पडला. कुपवाडला गाडीचं मागचं अंग गूळ-शेंगांनी जड होतं, म्हणून नरम बारही पुरला होता. मी भोक गाडीला नाही, आहेराला बेतून निवडलं होतं. मी तिला सगळं सांगितलं.

तिनं मूठ सोडली. "म्हंजे माज्या म्हायेरचा गूळ डिकीत आसला की ही नीट वळती?"

"तसंच म्हणायचं."

"मग र्‍हाऊ दे गाडी. म्हयन्याला एकदा गूळ आणायला जाऊ."

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेल्यावर मी बोल्ट जवळच्या भोकात घातला आणि एकटाच घाटात जाऊन आलो. रिकामी गाडी रेघ मारल्यासारखी वळली. हे काही मी घरी बोललो नाही, कारण गाडी वाचली होती आणि सुनंदा खुशीत होती.

आज वळून पाहताना त्यानंतरची एवढी एकच गोष्ट सांगावीशी वाटते. महिना झाल्यावर ती पिशवी घेऊन गाडीत बसली. मी चावी फिरवली, तेव्हा समोर बघतच म्हणाली, "बोल्ट जवळच्या भोकात घातलाय, ठावं हाय मला, तुमच्या हातांचं ग्रीस दिसलं हुतं. चला आता, आबा वाट बघत आसतील."